वसईचा वेढा : देखावा आणि दफ्तर

पुणे शहरात दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरच्या अंगणांतून आणि अंगणे नाहीशी झाली तेथे इमारतींच्या आवारांतून मुलांची एक निराळीच धामधूम सुरू होते. दगड, विटा, जुनी पोती आणि पाटीभर माती एवढ्या भांडवलावर दोन-चार दिवसांत एखादा राजगड किंवा प्रतापगड उभा राहतो. त्याच्या उतारावर हळीव पेरून हिरवळ आणतात, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे बसवितात आणि सर्वांत उंच जागी महाराजांचे सिंहासन मांडतात. इतिहासाचा पहिला धडा पुणेरी मूल क्रमिक पुस्तकातून घेत नाही, तो चिखलातून घेते. आणि तो धडा बहुधा जन्मभर टिकतो.

या मातीच्या किल्ल्यांत एक गोष्ट मात्र चटकन ध्यानात येते. ते बहुतेक सर्व डोंगरी किल्ले असतात. मातीचा ढीग रचला की त्याचा डोंगर आपोआपच होतो, हे त्याचे एक सोपे कारण. सपाट भूमीवर, खाडीच्या काठी, दलदलीत उभा असलेला किल्ला मुलांच्या मनात भरत नाही. त्यामुळे वसईचा किल्ला दिवाळीत क्वचितच दृष्टीस पडतो; आणि तरीसुद्धा पेशव्यांच्या पुण्याने जे किल्ले जिंकले, त्यांत वसईइतका महाग पडलेला दुसरा किल्ला दाखविणे कठीण आहे.

मुलांची ही हौस मोठ्या माणसांतही उतरलेली आहे. गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांतून जे जिवंत देखावे होतात, त्यांत अफझलखानाचे पारिपत्य आणि आग्र्याहून सुटका ही प्रकरणे अनेक पिढ्यांनी डोळे भरून पाहिली आहेत. लोकमान्य टिळकांनी १८९६ साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव घडवून आणला, तेव्हापासून इतिहास हा केवळ वाचावयाचा विषय न राहता जमून पाहावयाचा विषय झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९८५ साली बाबासाहेब पुरंदरे यांचा ‘जाणता राजा’ रंगभूमीवर आला. शेकडो कलावंत, हत्ती, घोडे आणि भव्य नेपथ्य यांच्या साहाय्याने त्यांनी शिवकाल लोकांपुढे उभा केला. दरवर्षी ६ जूनला रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा होतो आणि हजारो तरुण रात्री गड चढून जातात.

हा छंद आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडात १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचा देखावा ऑक्टोबर महिन्यात त्या रणभूमीवरच करतात. चिलखते घातलेले कारकून आणि दुकानदार दोन दिवस एकमेकांवर भाले उगारतात आणि सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर होतात. पोर्तुगाल देशात तर ही हौस फारच फोफावली आहे. सांता मारिया दा फेइरा नावाच्या गावी एक मध्ययुगीन दुर्ग आहे. तेथे १९९६ सालापासून दर उन्हाळ्यात मध्ययुग अवतरते. सारे गाव जुना पोशाख घालते. रस्त्यांतून सरदार, भिक्षू, गारुडी आणि पाव भाजणारे हिंडू लागतात. किल्ल्याच्या तटाखाली लुटुपुटूची युद्धे होतात. ओबिदुश या तटबंदीच्या गावीही जुलैत अशीच जत्रा भरते.

या पोर्तुगीज दुर्गांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्यांतील कित्येक दुर्ग आज जसे दिसतात तसे मध्ययुगापासून चालत आलेले नाहीत. १९४० साली पोर्तुगालने आपल्या राज्यस्थापनेचा आणि स्पेनपासून पुनः स्वतंत्र झाल्याचा असा दुहेरी शतसांवत्सरिक उत्सव केला. त्या वेळी सालाझारचा अंमल होता. उत्सवाच्या आधीच्या काही वर्षांत सरकारने जुने किल्ले दुरुस्तीस घेतले. मध्यंतरीच्या शतकांत झालेली बांधकामे पाडून टाकण्यात आली, ढासळलेल्या तटांना नव्या कंगोऱ्यांच्या ओळी बसविण्यात आल्या आणि लिस्बन शहरावरील साँ जॉर्जचा दुर्ग तर बव्हंशी नव्याने घडला. म्हणजे आज जो प्रवासी त्या तटाखाली मध्ययुगाचा देखावा पाहतो, तो बाराव्या शतकाबरोबर विसाव्या शतकातील एका राजवटीची आवडही पाहत असतो. देखावा हा ज्या काळाचा असतो त्याचा असतोच; पण तो उभा करणाराच्या काळाचाही असतो. हे ध्यानात ठेवून आता त्याच राष्ट्राने आपल्या किनाऱ्यावर बांधलेल्या किल्ल्याकडे वळू.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. दोन वर्षांनी नुनो द कुन्हा याच्या कारकीर्दीत तेथे बालेकिल्ल्याचे काम सुरू झाले. पुढे त्याभोवती नगर वाढले आणि नगराभोवती दगडी तट उठला. तटास बुरुज होते आणि त्या बुरुजांस संतांची नावे होती : साँ सेबास्तियाँव, रेमेदियुश, साँ पावलू, रेइश मागुश. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांचे मठ व चर्चे होती. उत्तरेकडील पोर्तुगीज मुलखाची वसई ही राजधानी. तेथील श्रीमंती पाहून परदेशचे प्रवासी थक्क होत. जपानात १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेला आणि १८६२ मध्ये संतपदास चढलेला गोन्सालो गार्सिया हा याच वसईत जन्मला.

ही दोनशे वर्षांची वसाहत केवळ श्रीमंतीची नव्हती. हिंदू प्रजेची देवळे पाडली गेली, उघड धर्मकृत्यांस बंदी झाली आणि पवित्र न्यायसभेची दहशत गोव्याप्रमाणे येथेही पोहोचली. या जुलमाने गांजलेल्या लोकांनी शेवटी पुण्याकडे तोंड फिरविले. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी या कामी वर्षानुवर्षे खटपट केली. मोहिमेचे बीज पुण्यात रुजले खरे. पण ते साष्टीच्या मातीतून आले होते, हे विजयोत्सवात बहुधा सांगावयाचे राहते.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवला. त्यानंतर दोन वर्षे हे युद्ध चढउतार खात चालले. ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीजांचा सेनापती पेद्रू द मेलू मारला गेला. मराठ्यांनाही कमी सोसावे लागले नाही. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणातील ठाण्यांवर एकामागून एक धाव घातली. माहीम पडले, तारापूर पडले. तारापूरच्या तटावर चढताना बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले. पेशव्यांच्या घरोब्यातला हा तरुण सरदार. त्याच्या आईच्या सांत्वनास बाजीरावांनी जे पत्र लिहिले, ते मराठीतील अत्यंत हृदयस्पर्शी पत्रांत गणले जाते.

फेब्रुवारीत अप्पा वसईपुढे येऊन उतरले. ती वेळ नीट पाहिली पाहिजे. इकडे कोकणात वेढा पडला आणि तिकडे नादिरशाह दिल्लीकडे येत होता. मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. बाजीरावांना उत्तरेची चिंता लागलेली, फौज हवी. पण निवडक फौज वसईच्या चिखलात गुंतलेली. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदारही वसईस येऊन दाखल झाले. शिवाय पावसाळा तोंडावर होता. जूनच्या आत किल्ला न घेतला तर मोर्चे पाण्याखाली जाणार, दारू भिजणार, खाडीचे मार्ग बंद होणार आणि केलेले सारे श्रम वाया जाणार, हे सर्वांस स्पष्ट दिसत होते.

किल्ल्याची रचनाच अशी की तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल. उत्तरेच्या अंगाने मात्र काही कोरडी जमीन. म्हणून जे करावयाचे ते त्याच बाजूने. तीही भूमी रेताड. खंदक खणावा तर वाळू ढासळते. मोर्चा पुढे सरकवावा तर तटावरून तोफा व बंदुका चालतात. अशा स्थितीत घोडदळाचा उपयोग काय? ज्या मराठी घोड्याने माळव्यात आणि दिल्लीच्या वेशीपर्यंत दौड केली, तो येथे दावणीस बांधून ठेवण्यापलीकडे फारसा कामाचा नव्हता. वसई घेतली ती कुदळीने. पोर्तुगीज वृत्तांतात मराठ्यांकडे सुरुंगाच्या कामात तरबेज असे सुमारे ४,००० लोक असल्याचे सांगितले आहे. पराभूत पक्षाचे आकडे फुगलेले असतात; पण इतर सर्व दळांबरोबर सुरुंग खणणारांचा वेगळा आकडा त्यांनी नोंदवून ठेवावा, हेच पुरेसे बोलके आहे. तटाखाली रात्रंदिवस काय चालले आहे, हे आत असलेल्यांना ऐकू येत होते.

या खणणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. कोणत्याही देखाव्यात ते दिसत नाहीत. ते दाखवावेत तरी कसे? एक मनुष्य ओणवा होऊन अंधारात वाळू उपसतो आहे, डोक्यावर फळ्यांचा आधार आहे, बाहेर हुक्के फुटत आहेत आणि हे असेच आठवड्यामागून आठवडे चालले आहे, यात टाळ्या घेण्यासारखे काही नाही. तथापि तीन महिन्यांच्या वेढ्यातील अधिकांश वेळ असाच गेला.

वेढ्याच्या काळात वसईचा सेनापती मार्तीन्यू द सिल्व्हेरा मारला गेला आणि सूत्रे कैतानू द सोझा परेरा याच्या हाती आली. आतील लोक जिद्दीने लढले, हे मराठ्यांनीच मान्य केले आहे. मुंबईचे इंग्रज दोन्हीकडे हात ठेवून होते. पोर्तुगीजांना त्यांनी काही दारूगोळा पुरविला, पण उघड युद्धात ते उतरले नाहीत. पुढे याच इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड तह करण्यासाठी अप्पांकडे आला, आणि वसई पडून दोन महिने झाले नाहीत तोच १७३९ च्या जुलैत तो तह झालाही. शेजाऱ्याचे घर जळताना पाहून आपली चूल सुरक्षित करून घेण्याची ही कला त्यांना चांगली अवगत होती.

मेच्या मध्यावर सुरुंगांना बत्ती देण्यात आली. काही सुरुंग उडून तटास खिंडार पडले आणि लोक धावून गेले. परंतु सर्वच सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. एक उशिरा उडाला आणि चढून गेलेल्या आपल्याच लोकांचा त्याने संहार केला. तरीही हल्ला थांबला नाही. तटावरून हुक्के, गरनाळा, दगड, पेटती लाकडे यांचा मारा होत होता. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेवटी सेबास्तियाँवच्या बुरुजावर मराठी निशाण चढले. त्यानंतर आतील लोकांना आशा करण्यासारखे काही राहिले नाही.

ग्रँट डफने या वेढ्यातील हानी नोंदविली आहे. पोर्तुगीजांकडील मेलेले व जखमी मिळून ८०० आणि मराठ्यांनी स्वतः कबूल केलेला आपला आकडा ५,००० हून अधिक. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे विजय या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो. घेणाराने देणाराच्या सहापट माणसे वेचली. त्या ५,००० घरांत त्या वैशाखात काय झाले असेल, याची कल्पना रेठरेकरांच्या आईला आलेल्या पत्रावरून करता येते. फरक इतकाच की बाकीच्या आयांना बाजीरावांनी पत्रे लिहिली नाहीत.

या वेढ्याविषयी एक उद्गार परंपरेने प्रसिद्ध आहे. किल्ला येत नाही असे पाहून अप्पा म्हणाले की, निदान माझे मस्तक तरी तोफेत घालून किल्ल्यात टाका! नाटककाराला, चित्रकाराला आणि देखावा करणाऱ्याला हा क्षण फार मोलाचा वाटतो आणि ते साहजिक आहे. एक तोफ, एक वीर, एक वाक्य. एवढ्यावर पडदा पाडता येतो. ते शब्द उच्चारले गेले असोत वा नसोत, ते दाखविताना एक गोष्ट नकळत सांगितली जाते, ती अशी की, एका पुरुषाच्या निश्चयाने वसई पडली. हे मात्र खरे नव्हे. अप्पांचा निश्चय मोठाच होता. परंतु त्या निश्चयाला दारू, शिसे, धान्य, पैका, शिड्या, नावा आणि हजारो कुदळी यांची जोड नसती, तर तो उद्गार इतिहासात आलाच नसता.

हा सारा हिशोब पुण्यातच आहे. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंदराव सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतील सोळावा खंड वसईच्या मोहिमेस वाहिलेला आहे. तो चाळताना वीररसाची अपेक्षा करणाराची निराशा होते. कोठे रसद पोचली नाही, कोठे माणूस कमी पडला, कोणत्या ठाण्यावर कोण गेला, कोण जखमी झाला, अशा बारीकसारीक मजकुराने पाने भरलेली आहेत. पण कंटाळा न करता वाचीत गेले म्हणजे या कागदांतून एक मोठे यंत्र चालताना दिसू लागते. दुसऱ्या बाजूची हकीकत हवी असल्यास जेर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई यांवर १८७६ साली लिहिलेला इंग्रजी ग्रंथ आहे. दोन्ही समोर ठेवावेत. एका बाजूचेच कागद वाचून वेढा समजत नाही. तटाला दोन अंगे असतात.

दोन्ही बाजूंचे कागद ठेवले की आणखी एक गंमत होते. वसई कोणत्या दिवशी पडली? पोर्तुगीज कागद सांगतात, १६ मे. मुंबईचे इंग्रजी कागद सांगतात, ५ मे. दोन्ही बरोबर आहेत! पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले होते. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाला चिकटून राहिले आणि त्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर पडले होते. कित्येक मराठी पुस्तकांत इंग्रजी ग्रंथांवरून जुनी तारीख आली, कित्येकांत नवी आली आणि वाचकांचा घोळ झाला. विजयदिन साजरा करणाराने हे एकदा पाहून घ्यावे हे बरे.

१६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला. वसईच्या सर्व इतिहासात अधिक विचार करण्याजोगा कागद हाच होय. आणि नेमका तोच देखाव्यातून वगळला जातो. करारान्वये किल्ल्यातील शिबंदीस शस्त्रांसह, निशाणे फडकावीत व नगारे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे. जे राहू इच्छितील त्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य राहील. आवराआवर करण्यास मुदत देण्यात आली. आणि २३ मे रोजी शेवटचा पोर्तुगीज शिपाई वसईबाहेर पडला.

क्षणभर त्या आठ दिवसांचा विचार करावा. ज्यांनी नुकतीच ५,००० माणसे गमावली आहेत अशी एक प्रचंड फौज तटाबाहेर बसलेली आहे. त्यांच्यातील कित्येकांच्या मागे देवळे पाडल्याच्या, मुले बाटविल्याच्या आठवणी आहेत. खिंडार उघडे आहे. आत शत्रू आहे, त्याची बायकामुले आहेत, सोन्याचांदीने भरलेली चर्चे आहेत. आणि आठ दिवस ही फौज थांबते. शब्द दिला आहे म्हणून थांबते. सुरुंगाने तट फोडणे अवघड खरेच. पण फुटलेल्या तटाच्या तोंडाशी आठ दिवस फौज रोखून धरणे त्याहून सोपे असेल असे वाटत नाही. अप्पांच्या सौजन्याच्या ज्या कथा सांगतात, एका पोर्तुगीज स्त्रीस सन्मानाने परत पाठविल्याची कथा त्यांतीलच, त्या खऱ्या ठरोत वा न ठरोत; हा करार असल्यावर त्या कथांची गरज उरत नाही.

बाहेर पडलेले लोक मुंबईस गेले. चर्चची चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण ठेवून इंग्रजांकडून पोर्तुगीजांना कर्जही काढावे लागले होते. पुढच्याच वर्षी चौल व कोर्लई ही ठाणीही पोर्तुगीजांनी सोडून दिली आणि उत्तर कोकणातून त्यांचा अंमल उठला.

आणि जे राहिले ते? त्यांचे वंशज आजही वसईत आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा निरनिराळ्या समाजांतून ख्रिस्ती झालेले हे लोक मराठीच्या बोली बोलतात, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा राखतात, लग्नात मराठी गाणी गातात. रेमेदियुश या नावाचे ‘रमेदी’ असे मराठी रूप त्यांच्याच तोंडी रुळले आणि त्या नावाचे चर्च किल्ल्याबाहेर अद्याप उभे आहे. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. राहिलेल्यांना दिलेला शब्द पाळला गेला नसता, तर हे सारे येथे दिसते ना.

दरवर्षी मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात विजयदिन साजरा होतो. अप्पांच्या स्मारकास पुष्पहार अर्पण करतात, जयघोष होतो, ऐतिहासिक पोशाखात तरुण मंडळी वावरतात. हे सर्व होणे योग्यच आहे. ज्या किल्ल्यात एरवी झाडाझुडपांचे राज्य असते आणि जेथे चित्रपटवाले येऊन गाणी चित्रित करून जातात, त्या किल्ल्याची एक दिवस तरी लोकांना आठवण होते. किल्ल्याच्या साफसफाईसाठी सुटीचे दिवस खर्च करणारी तरुणांची मंडळेही आहेत. त्यांच्या कुदळी पाहून जुन्या कुदळींचे स्मरण झाल्यास नवल नाही. मात्र तटाच्या आत जो जयघोष होतो, तो तटाबाहेरच्या रमेदीपर्यंत ऐकू जातो. आणि तेथे राहणारे लोक १७३९ साली हरलेले नव्हेत, करार करून राहिलेले आहेत. त्यांच्या कानी तो जयघोष कसा पडावा, हा प्रश्न उत्सव करणाराने स्वतःस विचारावयास हवा.

एखाद्या हौशी मंडळाने या किल्ल्यात वेढ्याचा देखावा करावयाचे मनात आणले, तर त्यांनी युद्ध अवश्य दाखवावे. निशाण चढतानाचा क्षण दाखवावा. परंतु प्रारंभी काही वेळ प्रेक्षकांना केवळ कुदळींचा आवाज ऐकवावा. अंजूरकरांस विसरू नये. उशिरा उडालेला सुरुंग गाळू नये. आणि अखेरीस मैदान मोकळे करून दोन रांगा उभ्या कराव्यात : एका बाजूस मराठे, दुसऱ्या बाजूस ज्यांनी राहावयाचे ठरविले ते गावकरी, आणि मधून, दर्या दरवाजाकडे, नगारे वाजवीत, निशाणे घेऊन पोर्तुगीज शिबंदी निघून जाताना दाखवावी. यात कोणाचाही अपमान नाही, आणि हे घडलेले आहे. पुराणवस्तू खात्याच्या नियमांत बसेल अशा बेताने, दारूकाम न करता, हे सहज करता येण्यासारखे आहे. नगाऱ्यांना कोणाची मनाई असावयाचे कारण नाही.

वेढ्याच्या वेळी चिमाजी अप्पांचे वय तिशीच्या आसपास होते. प्रकृती आधीच खालावलेली, छातीचा विकार जडलेला. वज्रेश्वरीस नवस केला होता असे सांगतात; देवीचे मंदिर पुढे बांधले गेले आणि ते आज ठाणे जिल्ह्यातील मोठे तीर्थक्षेत्र आहे. वसईच्या चर्चांतील घंटा फौजेबरोबर वर देशावर आल्या आणि देवालयांतून टांगल्या गेल्या. भीमाशंकरास एक आहे, नसरापूरजवळच्या बनेश्वरास एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा आकडा आहे आणि नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१. १७४० च्या एप्रिलात रावेरखेडीस बाजीराव वारले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला अप्पाही गेले. मागे दहा वर्षांचे एक पोर राहिले. तेच पुढे पानिपतावर लढलेले सदाशिवरावभाऊ.

अप्पांची समाधी पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वरापाशी आहे. सायंकाळी देवदर्शनास येणारे लोक तिच्याजवळून जातात. दिवाळीच्या दिवसांत शनिवार पेठेतील मुले मातीचे किल्ले करतात, ते ठिकाण तेथून फार तर हाकेच्या अंतरावर.